पडीक घरांची फीत

सोमवारी सकाळी पावणेदहा वाजता माझे पती कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात खुर्चीवरून खाली पडले. दहा वाजता डॉक्टर आले. साडेदहा वाजता कारखान्याचा शिपाई माझ्या शाळेत आला. मी नववीच्या वर्गावर होते. फळ्यावर समीकरण होतं. मी खडू ठेवला आणि शिपायाबरोबर गेले.

डॉक्टर म्हणाले, "हृदय." मी विचारलं, "मग दवाखान्यात किती दिवस ठेवावं लागेल?" डॉक्टरांनी मॅनेजरांकडे पाहिलं आणि मॅनेजरांनी जमिनीकडे. मी तो प्रश्न विचारला होता हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. माझ्या लक्षात आहे ते एवढंच, की माझ्या पतींच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी टेबलाखाली सरळ ठेवल्यासारखी पडली होती.

त्याच दुपारी त्यांना गावी नेलं. आमचं गाव कऱ्हाडजवळ, मलकापूरहून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. बायका माझ्याभोवती बसल्या होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या, "रडवा गं तिला. न्हाईतर डोस्क्यात जाईल." कोणी माझ्या पाठीवर थापा मारल्या, कोणी गळ्यात पडून मोठ्याने हंबरडा फोडला. मला रडू आलं नाही. अर्धवट राहिलेलं ते समीकरण सुटेल की नाही, हे मी मनात बघत होते. सुटत होतं.

त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हे सत्तरच्या दशकातलं आहे. सांगलीकडे तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेली माणसं फार थोडी होती. माझे पती पंधरा वर्षं सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनात, होते. बाहेर पडल्यावर मुंबईला जाऊन ते यंत्र शिकले आणि सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात लागले. कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कोणत्या दिवशी तोडायचा, याची पाळीपत्रकं ते यंत्र छापायचं. पाळी चुकली की ऊस रानात वाळतो. म्हणून त्या पत्रकावर लोकांचं बारीक लक्ष असे.

यंत्राची मेमरी म्हणजे लोखंडी कड्यांची जाळी. मोहरीएवढ्या कड्या, केसासारख्या तारांत ओवलेल्या. एकदा त्यांनी मला भिंगातून दाखवल्या होत्या. रोज सकाळी यंत्राला नव्याने उठवावं लागे. आधी समोरचे खटके वर-खाली करून त्याला पहिले काही हुकूम द्यायचे, मग छिद्रं पाडलेली कागदी फीत भरवायची. त्या फितीवर मूळ प्रोग्राम असायचा. त्याला ते मॉनिटर म्हणत. बाकीच्या सगळ्या कामांना मेमरीतली जागा वाटून देणं हे मॉनिटरचं काम.

दुसऱ्या हंगामात मेमरीतली काही घरं, म्हणजे आकडे ठेवायच्या जागा, बिघडली. गंमत अशी की सकाळी तपासलं तर ती घरं चांगली निघत. दुपारी तीनच्या सुमाराला विजेचा दाब उतरायचा, खोलीतला एसी नुसता घुमायचा, आणि मग ती घरं ठेवलेलं विसरायची. एक ठेवावा तर शून्य मिळायचं. ते म्हणायचे, "सकाळच्या हजेरीला सगळे जवान हजर. दुपारी बघावं तर दोघं पळालेले." सुरू होतानाच्या तपासणीवर विसंबून उपयोग नव्हता. एकदा ज्याने फसवलं ते घर कायमचं लक्षात ठेवावं लागणार होतं, आणि यंत्र ते स्वतः लक्षात ठेवू शकत नव्हतं.

मग त्यांनी मॉनिटरमध्ये स्वतःचा एक तुकडा घातला. मॉनिटर भरून झाला की तो दुसरी फीत मागायचा. ही फीत लहान, वितीएवढी. तिच्यावर बिघडलेल्या घरांचे क्रमांक. तेवढी घरं मॉनिटर वाटपातून काढून टाकायचा आणि मगच काम सुरू व्हायचं. ते त्यांना पडीक घरं म्हणत. शेतकऱ्याचा मुलगा. "पडीक रानात पेरायचं कशाला? सोडून द्यायचं आणि बाकीचं कसायचं." नवं घर बिघडलं की नवी फीत.

ती फीत तपासायचं काम रविवारी आमच्या माधवनगरच्या घरी चाले. एक छिद्र चुकलं तर चांगलं घर पडीक ठरायचं आणि पडीक घर चांगलं. म्हणून ते खिडकीशी उभे राहून फीत उजेडात धरत आणि मी कागदावरचे क्रमांक वाची. शून्य तीन चार सात दोन. शून्य पाच एक एक सहा. आठ आणि नऊ हे अंक त्यात कधीच नसत, कारण ते यंत्र आठाच्या पायावर मोजत असे. गणित शिकवणाऱ्या बाईला याची मौज वाटायची. लहानपणच्या परवच्यासारखा मी त्याला सूर लावला होता. ते म्हणत, "मास्तरीणबाई, जरा हळू. फीत पळत न्हाई, तुमी पळताय." फीत जुळली की ती फिल्मच्या डबीत जायची आणि डबी शर्टच्या खिशात. जुनी फीत आणि क्रमांकांचा कागद, दोन्ही ते लगेच बंबात घालत. सिग्नलमधली सवय. वापरात नसलेला कागद शिल्लक ठेवायचा नाही, चुकीच्या दिवशी चुकीचा हातात येतो, असं त्यांचं म्हणणं.

बुधवारी राख सावडली. पुरुष नदीवर जाऊन आले आणि मला सांगण्यात आलं की सगळं नीट झालं.

शुक्रवारी सकाळी कारखान्याची जीप गावात आली. मॅनेजर होते आणि त्यांच्याबरोबर यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, मुंबईहून आलेला, तिशीतला. सांत्वनाला आले असतील असं वाटून मी पदर सावरून बसले. मॅनेजर बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, साहेबांच्या खिशात एक छोटी डबी असायची. ती मिळेल का?"

मंगळवारी त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्र सुरू करायला घेतलं होतं. मॉनिटर दुसरी फीत मागून थांबला. शोधून ती मिळाली नाही, तेव्हा त्यांनी कपाटातली कंपनीची मूळ फीत भरली. ती काही मागत नव्हती. यंत्र सुरू झालं. बुधवारी दुपारी छापलेल्या पत्रकात एका गावची नावं दुसऱ्या गावापुढे आली आणि एका शेतकऱ्याची पाळी महिन्याच्या सदतीस तारखेला लागली.

"डबी?" असं म्हणून माझे थोरले दीर उंबऱ्यातच थांबले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. वडील लवकर गेल्यामुळे माझ्या पतींना त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"ती डबी नदीत गेली," ते म्हणाले.



"परवा राखंपाशी निवद ठेवला," दादा सांगू लागले. "चा ठेवला. पान ठेवलं. मटान ठेवलं. कावळा शिवंना. तासभर बसलो. मानसं म्हनाय लागली, काय तरी इच्छा ऱ्हायलीया. घरला आलो, त्याचा चष्मा नेला, तरी न्हाई. मग ही डबी नेली. कायम छातीपाशी ठेवायचा, मला वाटलं हिच्यात जीव असंल त्याचा. ठेवली अन् कावळा शिवला. लगेच शिवला. मग समदं एकत्र बांधून कृष्णंत सोडलं."

मॅनेजर शेंगांच्या पोत्यावर बसले. इंजिनिअरने डोळे मिटून घेतले. सासूबाई भिंतीला टेकून होत्या, त्या म्हणाल्या, "एवढ्याशा कागदापायी मानसं जीप घिऊन येत्यात व्हय?"

मी दादांकडे बघत होते. त्यांचा राग यावा असं त्यात काही नव्हतं. पण सोमवारपासून मी एका गोष्टीला धक्का म्हणत होते. त्याच्या आत दुसरा असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

इंजिनिअर उठून उभा राहिला. वाईट माणूस नव्हता, पण रात्रभर रेल्वेत बसून आला होता आणि घाबरलेला होता. "हे आम्हाला कळवायला हवं होतं," तो म्हणाला. "दोन वर्षं बिघडलेल्या मेमरीवर पाळ्या काढल्यात. त्यातली कुठली खरी आणि कुठली खोटी, कोण सांगणार?"

"संचालक मंडळानेही काल हेच विचारलं," मॅनेजर हळूच म्हणाले. "एक जण म्हणाले, गेलेल्या माणसाने बरंच झाकून ठेवलं होतं. ज्यांचा ऊस मागच्या साली वाळला ते आता कचेरीत येऊन बसलेत."

चार दिवस. चार दिवसांत 'साहेब' जाऊन 'गेलेला माणूस' झाले होते, आणि त्यांनी काही झाकलं होतं. मी सुतकात होते, वडीलधाऱ्यांसमोर बसले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला ते आकडे येतात."

"कसले आकडे?"

"पडीक घरांचे. दर रविवारी मीच वाचायचे."

इंजिनिअर माझ्याकडे असा बघत राहिला की जणू भिंत बोलली. "पाठ आहेत?"

"माहीत नाही. तोंडाने म्हणून बघावे लागतील. इथे नाही. यंत्रापाशी."

सासूबाई सरळ बसल्या. "सुतकात बाई उंबरा वलांडती व्हय? दहावा हुईस्तवर कुटं जायाचं न्हाई."

"जाऊ दे आये," दादा म्हणाले. "पान्यात म्या घातली. काढायची ती तिलाच येतीया, तर जाऊ दे. मी जातो संगं."

शनिवारी सकाळी मी पहिल्यांदाच त्या खोलीत कामासाठी बसले. बसायला खुर्ची एकच होती. मी तिच्यावर बसले. दादांनी चपला बाहेर काढल्या, टोपी हातात घेतली आणि देवळात उभं राहावं तसे दाराशी उभे राहिले. इंजिनिअरने वही उघडली.

पहिला आकडा आला, दुसरा आला, आणि पुढे काही नाही. कोरं. माझ्या कानांत नुसता पंख्याचा आवाज. इंजिनिअर म्हणाला, "सावकाश आठवा. मधलाच एखादा आठवतो का?" मी मधूनच एक आकडा उचलला, तो मलाच खोटा वाटला. मला वाटलं, मी या माणसांना उगाच आशेला लावलं, आणि आता माझ्या पतींचं नाव माझ्यामुळेच जाणार.

मग मी डोळे मिटले आणि सूर लावून म्हटलं, घरी म्हणायचे तसं. लाज वाटत होती. परक्या पुरुषांसमोर, आठवड्याची विधवा, गाण्यासारखे आकडे म्हणते आहे. पण सुराबरोबर आकडे आले. एकामागून एक आले, जिथे मी श्वास घ्यायचे तिथे थांबून पुन्हा आले. एकोणतीस आले आणि सूर आपोआप संपला.

"एवढेच?"

"मला येतात ते एवढेच."

इंजिनिअर वहीकडे बघून म्हणाला, "एक सांगू का? यंत्र बंद केलं तरी या कड्यांतलं लिहिलेलं पुसलं जात नाही. सोमवारची यादी मंगळवारी सकाळपर्यंत आतच होती. मूळ फीत भरली तेव्हा ती गेली." त्याने हे का सांगितलं कोण जाणे. मला ते ऐकवेना. त्यांच्या हातचं शेवटचं काम मेमरीच्या कपाटात एक अख्खी रात्र शाबूत होतं आणि आम्ही सगळे गावी होतो.

आकडे बरोबर आहेत की नाहीत ते दुपारीच कळणार होतं. इंजिनिअरने एसी मुद्दाम बंद ठेवला, खिडक्या लावल्या आणि स्वतःची तपासणी चालवली. सगळ्या मेमरीत लिहायचं, परत वाचायचं, जिथे चुकेल त्या घराचा क्रमांक छापायचा. फाल्गुनातलं ऊन होतं. दादांचा सदरा पाठीला चिकटला. दोन वाजेपर्यंत यंत्राने एकही क्रमांक छापला नाही. सगळी घरं शहाणी. सव्वादोनला टेलिप्रिंटर खडखडला.

"शून्य पाच एक एक सहा," इंजिनिअरने वाचलं.

"आहे," मी म्हणाले.

दुसरा आला, तोही होता. तिसरा, चौथा. सव्वातीनपर्यंत अकरा क्रमांक आले आणि अकराही माझ्या यादीतले. दादा प्रत्येक वेळी विचारत होते, "हाय का?" आणि मी "आहे" म्हटलं की मान हलवत होते. मॅनेजर आत येऊन उभे राहिले होते.

मग एक क्रमांक आला तो माझ्या यादीत नव्हता. लगेच दुसरा. तोही नव्हता.

"हे दोन?" इंजिनिअरने विचारलं.

मला माहीत होते ते दोन. म्हणजे आकडे माहीत नव्हते, ते दोन आहेत हे माहीत होतं. आदल्या रविवारी माझे पती खिडकीशी उभे राहून म्हणाले होते, "दोन नवी निघालीत. वाचतेस?" माझ्या हातात कादंबरी होती. मी म्हणाले, "एवढं प्रकरण संपू दे." ते थांबले. प्रकरण मोठं होतं. शेवटी त्यांनी एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात फीत धरून स्वतःच वाचलं, स्वतःच बघितलं. "ऱ्हाऊ दे, झालं. दोनच तर हाईत." मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला...

हे मी त्या तिघांना सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, नुसतं "नवे आहेत" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मॅनेजर म्हणाले, "वहिनी, असं मनाला लावून घेऊ नका." इंजिनिअरने ते दोन क्रमांक वहीत खाली लिहिले, एकतीस घरांची नवी फीत पाडली, आणि ती तपासताना मला वाचायला सांगितलं नाही. स्वतः वाचून मॅनेजरांकडून छिद्रं बघून घेतली.

रविवारी खरी परीक्षा होती. त्यांचा मॉनिटर भरला, त्याने दुसरी फीत मागितली, आणि ती मिळताच तो पुढे गेला. मागच्या महिन्यातलं एका आठवड्याचं पाळीपत्रक नव्याने काढायचं आणि त्या वेळी छापलेल्या पत्रकाशी ओळ न् ओळ ताडून बघायचं ठरलं. नवं पत्रक ऐन दुपारी छापलं, एसी बंद ठेवून. मॅनेजर जुनं वाचत होते, मी नव्यावर बोट ठेवून होते. गाव, शेतकरी, गट, तारीख. गाव, शेतकरी, गट, तारीख. संध्याकाळचे पाच वाजले. एकही ओळ वेगळी निघाली नाही.

मॅनेजरांनी कागद खाली ठेवला आणि ते आपल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन पत्रं होती. माझ्या पतींचं अक्षर मी दारातूनच ओळखलं. मेमरीत दोष आहे, तात्पुरती व्यवस्था केली आहे, कंपनीला कळवून मेमरी बदलून घ्यावी, असं दोन्हींत लिहिलेलं. पहिलं दोन वर्षांपूर्वीचं.

"ही मी पुढे पाठवली नाहीत," मॅनेजर म्हणाले. "कंपनीने मेमरीचं कपाट महिनाभर नेलं असतं. हंगाम थांबला असता."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हा माणूस शुक्रवारी आमच्या घरी पोत्यावर बसून 'बरंच झाकून ठेवलं होतं' हे वाक्य सांगत होता, आणि त्या वेळी ही पत्रं त्याच्या खणात होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं.

इंजिनिअरने दोन्ही पत्रं वाचली आणि तिथेच बसून इंग्रजीत अहवाल लिहिला. दादांनी मान लांब करून विचारलं, "काय लिवलंसा साहेब?"

"लिहिलंय की तुमच्या भावाने काही झाकलं नव्हतं. दोष कायमचे होते, ते त्यांनी कळवले होते, आणि जिथे जाऊ नये तिथे यंत्राला एकदाही जाऊ दिलं नाही."

"मग ते जरा मराठीत लिवून द्या की," दादा म्हणाले. "सई ठोका खाली. भावकीत वाचून दावतो. इंग्रजी म्हटल्यावर आमची मानसं म्हनतील, दादानं सोताच कायतरी सांगितलं."

इंजिनिअर पहिल्यांदाच थोडा हसला. त्याने दुसरा कागद घेतला आणि मराठीत लिहून दिलं. शिक्कासुद्धा मारला. तेराव्याला जेवणं झाल्यावर दादांनी तो कागद मंडपात वाचून घेतला, दोनदा. मी आत होते, मला ऐकू येत होतं. तेव्हाही मला रडू आलं नाही. रडू आलं ते पुढे जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, हजेरी घेताना. मुली घाबरून गेल्या.

पुढच्या हंगामाआधी कंपनीने मेमरीचं कपाट बदललं. नव्या कपाटाला यादी लागत नव्हती, म्हणून मॉनिटरमध्ये त्यांनी घातलेला तुकडाही काढून टाकला. काही वर्षांनी ते यंत्र गेलं. सासूबाई गेल्या, दादा गेले. मराठीतला तो कागद गावच्या घरात होता, आता सापडत नाही. मी निवृत्त होऊन माधवनगरलाच राहते. एकोणतीस आकडे मला अजून येतात. दोन येत नाहीत.